जनगणनेच्या तात्पुरत्या कामासाठी अर्ज करताना

जनगणना जाहीर झाली की ‘जनगणना भरती’ अशा मथळ्याचे संदेश गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरू लागतात आणि बारावी झालेल्या मुलापासून अभियांत्रिकीच्या पदवीधरापर्यंत सगळ्यांना वाटते की एवढी माणसे लागणार आहेत, तर आपलाही नंबर कुठेतरी लागेल. २०२७ च्या जनगणनेसाठी देशभरात सुमारे ३० लाख क्षेत्रीय कर्मचारी लागतील, असे केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये ११,७१८.२४ कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी देताना सांगितले होते, आणि तो आकडा खराच आहे. मात्र या तीस लाखांतली जागा अर्ज करून मिळत नाही. अर्ज करून मिळण्यासारखे काम त्याहून फार थोडे आहे, ते वेगळ्या ठिकाणी आहे आणि त्याची जाहिरात बहुतेकांच्या नजरेला पडतच नाही. उमेदवाराला होणारा बराचसा मनस्ताप चुकीच्या दारात उभे राहिल्यामुळे होतो, म्हणून अर्जाच्या तपशिलात जाण्यापूर्वी कोणते काम कोण देतो हे पाहून घेणे बरे.

प्रगणकाच्या जागेला अर्ज नसतो

घरोघरी जाऊन माहिती घेणारा तो प्रगणक आणि काही प्रगणकांच्या कामावर देखरेख ठेवणारा तो पर्यवेक्षक. या दोन्ही नेमणुका जनगणना अधिनियम, १९४८ खाली राज्य शासनाच्या अधिकाराने होतात आणि त्या सहसा सरकारी शाळांतील शिक्षकांना, लिपिकांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना मूळ नोकरी सांभाळून करायचे काम म्हणून दिल्या जातात. स्थानिक संस्थांनी या कामासाठी आपले कर्मचारी उपलब्ध करून दिले पाहिजेत, अशी तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम ४-अ मध्ये आहे. शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपू नये असे सांगणाऱ्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येही दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका असे तीन अपवाद आहेत. या कामाला पगार नसून मानधन असते, आणि नेमणुकीचा आदेश आल्यावर ते टाळले तर दंडाची तरतूद आहे. त्यामुळे ज्यांना हे काम नको असते असे कित्येक शिक्षक सूट मिळावी म्हणून तहसीलदारांकडे विनंतीअर्ज घेऊन उभे असतात, आणि ज्यांना ते हवे असते त्यांच्यासाठी अर्जाचा नमुनाच अस्तित्वात नसतो.

यावरून एक साधी कसोटी हाती लागते. ‘प्रगणक पदाची भरती, पात्रता दहावी किंवा बारावी, ऑनलाइन अर्ज भरा’ असा मजकूर दिसला, तर तो खोटा आहे असे धरून चालावे. त्यात नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा ओळखपत्राचे पैसे मागितले असतील तर शंकेला जागाच उरत नाही.

मग अर्ज कशाला करता येतो?

ही जनगणना मोबाइल ॲपवर आणि संगणकीय प्रणालीवर होणार असल्यामुळे तालुका आणि जिल्हा पातळीवर तांत्रिक मनुष्यबळ लागणार आहे. त्यासाठी सुमारे १८,६०० जणांना साधारण ५५० दिवसांसाठी घेतले जाईल, असे मंजुरीच्या वेळी सरकारने जाहीर केले आणि त्यातून सुमारे १.०२ कोटी मनुष्यदिवसांचा रोजगार निर्माण होईल, असेही सांगितले. मनुष्यदिवस म्हणजे नोकऱ्या नव्हेत. १८,६०० ला ५५० ने गुणले की हाच आकडा येतो. २०११ च्या जनगणनेत देशात ६४० जिल्हे आणि ५,९२४ तालुके किंवा तत्सम उपविभाग होते, म्हणजे ढोबळ हिशेबाने एका तालुक्याच्या वाट्याला सरासरी तीनच माणसे येतात. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. प्रत्यक्ष वाटप लोकसंख्येप्रमाणे आणि महानगरपालिकांच्या गरजेप्रमाणे कमीजास्त होणार हे उघड असले, तरी संपूर्ण राज्यातल्या जागा हजाराच्या आगेमागे असतील एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो. तेव्हा हजारो पदांची ‘मेगाभरती’ एकट्या आपल्या जिल्ह्यात निघाली आहे असे कोणी सांगू लागले, तर हा भागाकार आठवावा.

हे काम प्रामुख्याने कार्यालयात बसून करायचे असते. प्रगणकांची नावे प्रणालीत भरणे, त्यांचे लॉगिन सुरू करून देणे, प्रगणन गटांच्या, म्हणजे एकेका प्रगणकाला वाटून दिलेल्या भागांच्या, नकाशांतील चुका दुरुस्त करणे, कोणत्या गटाचे काम अडले आहे ते पडद्यावर पाहून चार्ज अधिकाऱ्याला, म्हणजे तालुक्यातले किंवा शहरातले जनगणनेचे काम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, सांगणे आणि रात्री नऊ वाजता फोन करून ‘ॲप उघडत नाही’ म्हणणाऱ्या गुरुजींना धीर देणे, असे त्याचे साधारण स्वरूप समजावे. घरयादी आणि गृहगणनेचा पहिला टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात राज्याने ठरवलेल्या तारखांना आणि लोकसंख्या गणनेचा दुसरा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये, असा कार्यक्रम ठरलेला असल्याने कामाची गर्दी या दोन टप्प्यांच्या आधी आणि दरम्यान सर्वाधिक असते.

याशिवाय जनगणना महानिबंधकांच्या संकेतस्थळावर काही पदांच्या जाहिराती दिसतात, परंतु त्या नीट वाचल्या पाहिजेत. त्यांपैकी बऱ्याच जाहिराती प्रतिनियुक्तीच्या असतात, म्हणजे आधीच सरकारी सेवेत असलेल्या माणसाला काही वर्षांसाठी तिकडे घेण्याच्या, आणि बाहेरच्या उमेदवाराचा अर्ज तिथे विचारातच घेतला जात नाही. जाहिरातीच्या पहिल्या परिच्छेदात ‘प्रतिनियुक्ती’ हा शब्द असेल तर पुढची पाने वाचण्यात वेळ घालवू नये. कायम पदांचा रस्ता निराळा आहे. सांख्यिकी अन्वेषकासारखी पदे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर स्तर परीक्षेतून भरली जातात आणि तो या लेखाचा विषय नाही.

जाहिरात शोधणे हेच अर्धे काम

तुमच्या भागातील जनगणनेचा प्रमुख कोण, हे आधी ठरवावे. ग्रामीण भाग आणि नगरपालिका असलेल्या जिल्ह्यासाठी जिल्हाधिकारी हे प्रधान जनगणना अधिकारी असतात आणि महानगरपालिकेच्या हद्दीत ती जबाबदारी आयुक्तांकडे असते. त्यांच्या हाताखाली तालुक्यात तहसीलदार, नगरपालिकेत मुख्याधिकारी आणि महानगरपालिकेत प्रभाग पातळीवरचे अधिकारी चार्ज अधिकारी म्हणून काम पाहतात. पुण्यात राहणाऱ्या उमेदवाराने जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी आणि तिथून त्याला महानगरपालिकेकडे धाडले जावे, हा अनुभव टाळायचा असेल तर आपले घर कोणाच्या हद्दीत येते हे पाहूनच बाहेर पडावे.

कंत्राटी माणूस घ्यायचा असतो तेव्हा प्रशासनापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक म्हणजे स्वतः जाहिरात देऊन थेट मुलाखत घेणे. अशी जाहिरात जिल्ह्याच्या किंवा महानगरपालिकेच्या संकेतस्थळावर ‘सूचना’ किंवा ‘भरती’ या सदरात टाकली जाते, कार्यालयाच्या सूचना फलकावर लावली जाते, आणि तिची मुदत पुष्कळदा आठवड्याभराची किंवा त्याहूनही कमी असते. दुसरी वाट मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेची, आणि खरा गोंधळ इथे होतो. कार्यालय संस्थेसाठी निविदा काढते, उमेदवारासाठी काढत नाही. काम मिळालेली संस्था तिच्याकडे आधीच असलेल्या यादीतून माणसे पाठवते. आणि बाहेरच्या उमेदवाराला या सगळ्याचा पत्ता लागतो तोपर्यंत खुर्च्या भरलेल्या असतात. ‘जाहिरातच निघाली नाही, मग माणसे लागली कशी?’ हा प्रश्न तहसील कार्यालयाच्या पायरीवर हमखास ऐकू येतो आणि त्याचे उत्तर बहुधा या निविदेत असते.

म्हणून जाहिरातीइतकाच निविदेवरही डोळा ठेवावा. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरील चालू निविदा आणि राज्याच्या महाटेंडर्स संकेतस्थळावरील सूचना कोणालाही पाहता येतात. तिथे जिल्ह्याच्या किंवा महानगरपालिकेच्या नावाने मनुष्यबळ पुरवठ्याची निविदा सापडली, तर तिच्यासोबतची कागदपत्रे उतरवून घ्यावीत. किती माणसे हवीत, शैक्षणिक पात्रता काय, संगणकाचे कोणते ज्ञान अपेक्षित आहे, माणशी किती रक्कम धरली आहे आणि मुदत किती, हे सगळे त्यात लिहिलेले असते. मुलाखतीला जाण्यापूर्वी उमेदवाराला एवढी माहिती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. निविदा उघडून काम कोणाला मिळाले हे कळले की त्या संस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावर आपला अर्ज आणि माहितीपत्र पाठवावे आणि त्याची एक प्रत चार्ज अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यावी. संस्था तुमचा अर्ज घेण्यास बांधील नाही हे खरे, परंतु पाठवलेला माणूस चार दिवसांत सोडून गेला की कार्यालयाला तातडीने दुसरा हवा असतो, आणि त्या वेळी टेबलावर असलेला अर्ज कामी येतो.

खोट्या जाहिरातींबद्दल आणखी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्या खऱ्या जाहिरातींपेक्षा अधिक नीटनेटक्या दिसतात. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा संपतो. ‘सेन्सस’ हा शब्द पत्त्यात असणे आणि राजमुद्रा पानावर असणे याला काहीही अर्थ नाही. जाहिरातीवर जावक क्रमांक, दिनांक आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम आहे का ते पाहावे, आणि तीच जाहिरात कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन शोधावी. आलेल्या दुव्यावर बोट ठेवून तिथे पोहोचू नये. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

कागदपत्रे आणि नावाचा घोळ

मुदत कमी असल्यामुळे जाहिरात निघाल्यावर कागद गोळा करायला निघालेला उमेदवार मागे पडतो. पदवीच्या किंवा पदविकेच्या गुणपत्रिका, एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्र, मागितले असेल तर मराठी व इंग्रजी टंकलेखनाचे प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, आधार, पॅन, बँक पासबुकाचे पहिले पान आणि पूर्वीच्या कामाचा अनुभव दाखला हा संच आधीच एका फोल्डरमध्ये तयार असावा. नॉन-क्रिमीलेअरवर मुदत लिहिलेली असते आणि ती ३१ मार्चला संपते, तेव्हा जाहिरात एप्रिलमध्ये आली तर हातातला दाखला कालबाह्य झालेला असू शकतो. सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर अर्ज करून दाखला ठरलेल्या दिवसांत मिळाला नाही, तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. या अधिकाराचा वापर फार कमी लोक करतात. प्रत्यक्षात अपिलाचा उल्लेख केल्याबरोबर अडलेला दाखला हलतो, असा माझा अनुभव आहे.

मात्र दाखल्यांपेक्षाही अधिक अर्ज अडतात ते नावापायी. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो आणि आईचे नाव वेगळे दिलेले असते. आधारवर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. पॅनवर मधले नाव कधी पूर्ण, तर कधी आद्याक्षरापुरते असते. ऑनलाइन अर्जातल्या पहिल्या चौकटीत ‘पहिले नाव’ असे लिहिलेले असते आणि सायबर कॅफेतला मुलगा समोरच्या गुणपत्रिकेवर पाहून तिथे बेधडक आडनाव टाकतो. पडताळणीच्या दिवशी संगणकावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, आणि टेबलामागचा लिपिक ‘प्रतिज्ञापत्र करून आणा’ म्हणून पुढच्या उमेदवाराला हाक मारतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना तर हा त्रास दुप्पट होतो, कारण शिक्षण एका नावावर, आधार दुसऱ्या नावावर आणि बँकेचे खाते कधीकधी तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले असते. त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नाव राजपत्रात बदलले असल्यास त्या राजपत्राचे पान प्रत्येक अर्जाला जोडावे, मागितले नसले तरी जोडावे. अर्ज भरताना गुणपत्रिकेवरचे नाव प्रमाण मानावे की आधारवरचे, हे जाहिरातीत दिलेले असते; दिलेले नसेल तर आधारप्रमाणे भरून गुणपत्रिकेतील फरकाचा खुलासा करणारे स्वयंघोषणापत्र सोबत द्यावे.

छायाचित्र आणि सही यांच्या फाइलींचा आकारही त्रासदायक ठरतो. अशा अर्जांत छायाचित्र २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी मर्यादा वारंवार आढळते. मोबाइलवर काढलेला फोटो कित्येक पटींनी मोठा असतो आणि तो जबरदस्तीने लहान केला की चेहरा ओळखू येत नाही. दोन्ही फाइली चांगल्या प्रतीच्या करून आधीच जपून ठेवाव्यात.

अर्ज प्रत्यक्ष द्यायचा असेल तर आवक विभागात द्यावा. ओळखीच्या लिपिकाच्या हातात देऊन ‘साहेबांच्या टेबलावर ठेवतो’ या शब्दावर घरी येऊ नये. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घेतल्याशिवाय अर्ज दिला असे समजू नये, कारण पुढे ‘तुमचा अर्ज प्राप्तच नाही’ असे उत्तर आले तर तुमच्याकडे दाखवण्यासारखे तेवढेच असते.

अर्जानंतरची शांतता

खरा वैताग यानंतर सुरू होतो. अर्ज पोहोचल्याचा संदेश येत नाही, छाननीची यादी ठरलेल्या दिवशी लागत नाही, मुलाखतीची तारीख एका शुद्धिपत्रकाने पुढे जाते आणि दुसऱ्याने रद्द होते, आणि फोन केला तर ‘वरून आदेश आलेले नाहीत’ असे उत्तर मिळते. हे उत्तर बऱ्याचदा खरेही असते. जनगणनेचा निधी आणि वेळापत्रक केंद्राचे, नेमणुका राज्याच्या, आणि माणूस बसणार तालुक्याच्या कचेरीत. या साखळीतला एक कागद अडला की खालचे सगळे थांबते. २०२० मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या काळात व्हावयाची घरयादी करोनामुळे पुढे ढकलली गेली आणि मग ती जनगणना झालीच नाही, हे ध्यानात घेतले तर ‘निवड झाली आहे, रुजू होण्याची तारीख कळवू’ एवढ्या भरवशावर हातातली नोकरी सोडणे किती धोक्याचे आहे ते कळेल. नियुक्ती आदेश हातात पडेपर्यंत काहीही सोडू नये.

पाठपुरावा मात्र सोडू नये आणि तो लेखी असावा. यादीची तारीख उलटून आठ-दहा दिवस झाले की आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन एक पानाचे स्मरणपत्र द्यावे. त्यानेही उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या कार्यालयासाठीचा अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. न मिळाल्यास प्रथम अपिलासाठी २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे.

काय विचारायचे यावर उत्तराचा उपयोग अवलंबून असतो. ‘माझी निवड का झाली नाही?’ असे विचारले तर ‘कारणमीमांसा ही माहिती या व्याख्येत येत नाही’ असे छापील उत्तर येते. दुसऱ्या उमेदवारांचे तपशील मागितले तर ते वैयक्तिक म्हणून नाकारले जातात. त्याऐवजी कागद मागावेत: जनगणनेच्या कामासाठी मनुष्यबळ घेण्याबाबतच्या मंजुरी आदेशाची प्रत, संस्थेला दिलेल्या कार्यादेशाची (काम सोपवण्याच्या लेखी आदेशाची) प्रत, त्यातील माणशी दर, आतापर्यंत रुजू झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांची संख्या, आणि थेट मुलाखत झाली असल्यास निवडीच्या निकषांची प्रत. हे सगळे कागद कार्यालयाकडे असतातच, त्यामुळे ‘उपलब्ध नाही’ म्हणण्यास फारशी जागा राहत नाही. खासगी संस्थेला माहितीचा अर्ज थेट लागू होत नसला, तरी तिला दिलेला कार्यादेश हा सरकारी दस्तऐवज आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबईतील जनगणना संचालनालय केंद्र सरकारचे असल्यामुळे त्याविषयीची तक्रार ‘आपले सरकार’वर टाकून उपयोग नाही, ती केंद्राच्या पीजी पोर्टलवर नोंदवावी लागते. दोन सरकारांच्या दोन खिडक्या आहेत आणि चुकीच्या खिडकीत टाकलेली तक्रार ‘संबंधित नाही’ असा शेरा मारून बंद होते.

निवड झाली तर आदेश वाचून सही करावी

नियुक्ती आदेश कोणाच्या नावाने आहे हे पहिल्यांदा पाहावे. तो संस्थेच्या लेटरहेडवर असेल तर तुम्ही संस्थेचे कर्मचारी आहात, तहसील कार्यालयाचे नाही, आणि पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी याची पहिली जबाबदारी संस्थेची आहे. कार्यादेशातला माणशी दर आणि तुमच्या हाती पडणारी रक्कम यांत फरक असणार, कारण त्यातून निधीची वर्गणी आणि इतर वजावटी होतात. मात्र प्रत्येक वजावटीला नाव असले पाहिजे. निधीसाठी कर्मचाऱ्याच्या मूळ वेतनातून सर्वसाधारणपणे १२ टक्के कापले जातात आणि मालकाने तेवढीच भर घालायची असते. कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू असेल तर कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. मालकाचाही वाटा तुमच्याच रकमेतून कापला जात आहे का, हे पहिल्याच पगारपत्रकावर तपासावे, आणि निधी खरोखर जमा होतो का ते उमंग ॲपवर पासबुक उघडून पाहावे. ‘अनामत’, ‘गणवेश’ किंवा ‘प्रक्रिया शुल्क’ या नावाने कोणी रोख मागितली, तर लेखी पावती मागावी. पावती मागितली की मागणी बहुधा विरून जाते. विरली नाही तर तीच पावती जोडून चार्ज अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

पगार हजेरीवर निघतो. महिनाअखेरीस हजेरीपत्रकावर चार्ज अधिकाऱ्याची सही झाली, ते संस्थेकडे गेले, संस्थेने देयक सादर केले आणि कार्यालयाकडे निधी आला, तर पगार होतो, त्यामुळे दोन-तीन महिने उशीर झाला तर नवल नाही. आपल्या हजेरीपत्रकाचे दर महिन्याला मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. संस्थेने पगार बुडवलाच, तर मूळ काम देणाऱ्यावर तो देण्याची जबाबदारी येते, हे तत्त्व कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून आपल्याकडे आहे आणि तक्रार करताना कार्यालयालाही पक्षकार करावे ते यासाठीच.

जनगणनेच्या कामामुळे तुमच्या हाती लोकांची माहिती येते आणि ती कायद्याने गोपनीय आहे. प्रणालीच्या पडद्याचे छायाचित्र मित्रांच्या गटात टाकणे हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. जनगणना अधिनियमाखाली काही अपराधांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

काम संपताना

‘आता आत शिरलो आहोत, पुढे कायम करतील’ ही आशा बहुतेक सगळे बाळगतात, पण कायद्यात तिला आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर तात्पुरत्या किंवा कंत्राटी सेवेच्या जोरावर कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही. १९९१ च्या जनगणनेत तात्पुरते काम केलेल्यांच्या हाती महाराष्ट्रात जे लागले ते वयोमर्यादेतील सवलतीच्या रूपात: ‘सन १९९१ चे जनगणना कर्मचारी यांच्यासाठी कमाल वयोमर्यादा ४५ वर्षे’ अशी ओळ सरळसेवा भरतीच्या अलीकडच्या जाहिरातींतही आढळते. १९९१ मध्ये जो अठरा वर्षांचा होता तो २०१८ मध्येच पंचेचाळीसचा झाला, तेव्हा या ओळीचा लाभ आज नेमका कोणाला मिळतो हे जाहिरात तयार करणाऱ्यालाच ठाऊक. तरीही अशी एखादी सवलत उद्या २०२७ च्या कर्मचाऱ्यांना मिळाली, तर ती ज्याच्याकडे पुरावा आहे त्यालाच मिळेल.

म्हणून कार्यमुक्त होण्यापूर्वी दोन दाखले घ्यावेत, एक संस्थेचा आणि एक चार्ज अधिकाऱ्याच्या सहीचा. संस्थेचे कंत्राट संपले की तिचे जिल्ह्यातले कार्यालय बंद होते आणि फोन लागेनासा होतो, तहसील कार्यालय मात्र जागेवर असते. दाखल्यावर तुमचे आधारप्रमाणे पूर्ण नाव, पदनाम, रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख, कामाचे स्वरूप, कार्यादेशाचा क्रमांक आणि दाखल्याचा स्वतःचा जावक क्रमांक असावा. ‘जनगणनेच्या कामी मदत केली’ एवढाच मोघम मजकूर असेल तर तो तिथल्या तिथे बदलून मागावा. ज्या अधिकाऱ्याने तुमचे काम पाहिले त्यांची बदली होण्याआधी, म्हणजे दुसरा टप्पा आटोपताच, या दाखल्यासाठीचा अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्यावी.